विज्ञान लिहायला शिकायचंय, त्यासाठी घर तारण ठेवू का?

पत्र:

'बाई, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात बी.एस्सी. आणि धारवाडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. वय २४. सध्या एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, आठवड्याला १५ तास, महिन्याला १६ हजार. शिकवण्यापेक्षा मला विज्ञानावर लिहायला आवडतं. ब्रिटनमध्ये सायन्स कम्युनिकेशनची एक वर्षाची एम.एस्सी. असते असं कळलं. बेळगावातल्या एका कन्सल्टंटने फी, राहणं, विमान सगळं धरून ४० लाख सांगितले. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. आई म्हणते, बी.एड. कर आणि नोकरीला लाग. माझं इंग्रजी बेताचं आहे. कन्नड बोलते, लिहिताना अडखळते. मराठीत विज्ञान लिहून पोट भरेल का? की जाऊ? सोबत नरक्या या झाडाबद्दल लिहिलेला लेख पाठवते.'

उत्तर:

तुझं पत्र एकदा वाचलं, लेख चारदा वाचला. आधी लेखाबद्दल बोलते, कारण जाऊ की नको याचं उत्तर मला त्यातच सापडलं.

सुरुवात फार चांगली आहे. फॉरेस्टवाल्यांनी पकडलेला टेम्पो, पोत्यांत कोंबलेले सालीसकट तुकडे आणि तो वास, 'पावसाळ्यात गोठ्याच्या माळ्यावर उंदीर मरून पडावा तसा'. ही ओळ पुस्तकातली नव्हे. तू तिथे उभी होतीस हे कळतं. मग दुसरा परिच्छेद येतो: 'नरक्याच्या सालीमध्ये कर्करोग बरा करणारे औषध असल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.' इथे मी थांबले.

परीक्षेच्या पेपरात या वाक्याला मार्क मिळतील. पण ते छापून आलं की कणकुंबीकडच्या एखाद्या घरात जाणार, जिथे बेळगाव-मिरजेच्या दवाखान्यांच्या फेऱ्या मारून माणसं पैशानं आणि जिवानं थकलेली असतात. तिथला धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन रानात जाईल.

खरं काय ते तुला माहीत आहे, फक्त क्रमाने मांडून बघ. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत वेगळं केलं गेलं, तेही चीनमधल्या एका वेगळ्याच झाडातून. काम करणारे मनरो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. आपल्या नरक्यातही तेच द्रव्य आहे हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या चालू होत्या आणि त्या थांबवाव्या लागल्या, कारण औषध माणसांना सोसवत नव्हतं. पेशीतल्या नेमक्या कुठल्या कामात ते खोडा घालतं हे कळायला १९८५ उजाडलं. मग मूळ द्रव्यात बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं निघाली. त्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे झाडाच्या सालीपासून सलाईनच्या बाटलीपर्यंत ३० वर्षं. तुझ्या वाक्यात ही ३० वर्षं नाहीत, त्या थांबलेल्या चाचण्याही नाहीत.

मी हे वाक्य असं लिहिलं असतं: 'नरक्याच्या लाकडातून आणि सालीतून एक विषारी द्रव्य काढतात. त्यात प्रयोगशाळेत बदल करून काही कर्करोगांवरची औषधं बनवली आहेत. ती डॉक्टर रक्त तपासत, मोजून देतात. साल उकळून पिण्याने कर्करोग बरा होत नाही, जिवाला धोका मात्र होतो.' चार साधी वाक्यं. त्यात 'सिद्ध केले आहे' कुठेच नाही.

एवढं ताणून का सांगते? सुमारे २५ वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. एजन्सीची बातमी आली होती की कुठल्याशा झुडपाच्या पानांचा अर्क दिल्यावर उंदरांच्या रक्तातली साखर उतरली. रात्री साडेदहाला जाहिरात वाढली, बातमी सहा ओळींवर आणायची होती. मी कापली. उंदीर चौथ्या ओळीत होते, ते गेले. मथळा दिला, 'मधुमेहावर रानपाल्याचा उतारा'. दहा-बारा दिवसांनी नंदगडकडचे एक गृहस्थ ऑफिसचा जिना चढून आले. डाव्या पायाला धोतराची पट्टी गुंडाळलेली, हातात पिशवी, पिशवीत तोच पाला. रागावलेले अजिबात नव्हते. म्हणाले, 'बाई, गोळ्या बंद केल्या आणि रोज सकाळी हेच पिऊलालोय. किती पानं घालायची तेवढं छापलाच नाहीसा की.' पट्टीखाली जखम होती, ती महिनाभर भरत नव्हती. आमच्या शिपायाला बरोबर देऊन मी त्यांना दवाखान्यात पाठवलं. पुढे त्यांचं काय झालं हे मी शोधलं नाही, आणि ते न शोधणं मला आजही टोचतं.

तेव्हापासून 'कशावर प्रयोग केला, कितींवर केला' हे दोन प्रश्न मी प्रत्येक बातमीला विचारते. ही गोष्ट फक्त माझ्या डेस्कवर घडत होती असंही नाही. डिसेंबर २०१४ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफच्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं घेतली आणि प्रत्येकाशेजारी मूळ शोधनिबंध आणि त्यावरून आलेल्या बातम्या ठेवल्या. प्राण्यांवरच्या संशोधनाची जी पत्रकं होती, त्यांतल्या ३६ टक्क्यांत निष्कर्ष परस्पर माणसांना चिकटवलेला होता. पत्रकानेच असं केलं असेल तिथे ८६ टक्के बातम्यांनीही तेच केलं. पत्रक जपून लिहिलेलं असेल तिथे हे प्रमाण १० टक्के. म्हणजे गडबड पुष्कळदा विद्यापीठाच्या कचेरीतच सुरू होते आणि आमच्याकडे येऊन मोठी होते.

हा आकडा मुद्दाम दिला, कारण तू ज्याला 'सायन्स कम्युनिकेशन' म्हणतेस त्यात दोन वेगळे धंदे आहेत आणि कन्सल्टंटने ते तुला सांगितलेले दिसत नाहीत. एक विज्ञान पत्रकारिता. त्यात तू वाचकाच्या बाजूने उभी राहून संशोधकाला प्रश्न विचारतेस, त्याच्या विरोधात बोलणाऱ्या दुसऱ्या संशोधकालाही फोन करतेस. दुसरं संशोधन-संवाद. त्यात तुझा पगार संशोधन संस्थाच देते. तिथलं काम लोकांपर्यंत नेणं, पत्रकं काढणं, शाळांसाठी कार्यक्रम घेणं, अनुदानाच्या अर्जातली लोकांना समजेल अशी पानं लिहिणं हे तुझं काम. दोन्ही कामं चांगली आहेत. ती ४६२ पत्रकं लिहिणारी माणसं दुसऱ्या धंद्यातली होती, आणि त्यांच्यातल्या एकाने जपून लिहिलं तर शंभर बातम्या सुधारतात. मला विचारशील तर तुझा टेम्पोचा परिच्छेद पहिल्या धंद्याचा आहे. पण निवड तुझी, आणि ती फॉर्म भरण्याआधी व्हायला हवी. कारण अभ्यासक्रमही त्याप्रमाणे वेगळे आहेत.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९९१ पासून हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तिथे लिहिण्याबरोबर विज्ञान आणि समाज यांचा संबंध, रेडिओ, फिल्म, संग्रहालयं असा मोठा पसारा आहे. अमेरिकेत एमआयटीचा १२ महिन्यांचा अभ्यासक्रम उघडपणे लेखनाचा आहे, शेवटी लांबलचक प्रबंध-लेख लिहावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रातला, १९८१ पासूनचा, पक्का पत्रकारितेचा आहे आणि विज्ञानाची पदवी व प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव असल्याशिवाय तिथे घेत नाहीत. अशा ठिकाणी शिकून आलेल्या तिघांशी माझं कामानिमित्त बोलणं झालं आहे. तिघांनी एकच सांगितलं: व्याख्यानं विसरली, पण दर आठवड्याला दहा-बारा जणांनी टेबलाभोवती बसून आपला लेख ओळीओळीने उसवला, ते विसरलं नाही. तुझं ते नरक्याचं वाक्य तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी धरलं असतं. या शिक्षणाची किंमत आहे ती या गोष्टीची, आणि ती मी कमी लेखत नाही.

पण ४० लाख.

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, म्हणून घराचा विषय निघाला. ४० लाख, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं असा हिशेब केला तर महिन्याचा हप्ता ५४ हजारांच्या आसपास जातो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. परत येऊन या क्षेत्रात पहिली नोकरी लागली तरी हा हप्ता भरून खोलीचं भाडं भरता येईल असं मला वाटत नाही. मग तू काय करशील? जास्त पगाराची, न आवडणारी नोकरी धरशील आणि लिहिणं रविवारी करशील, तेही जमलं तर. ज्यासाठी घर तारण ठेवलं तेच हातातून जाईल. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: या वर्षी, कर्ज काढून, जाऊ नकोस. बाबांना सांग की त्यांनी तयारी दाखवली हेच मोठं आहे.

जायचंच नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या पैशाने जा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च देते. अट दोन वर्षांच्या, म्हणजे २,८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची आहे, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी यावं लागतं. आता बघ, आठवड्याला १५ तास आणि वर्षाला ४० आठवडे धरले तर तुझे ६०० तासच होतात. या वेगाने पाच वर्षं लागतील. म्हणून तासांची वही आजपासून ठेव आणि लेक्चरच्या जोडीला दुसरं अर्धवेळ काम धर. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीही आहे, अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर अशा कुटुंबांसाठी. तुमच्या घराला लागू होते का ते पत्रावरून कळत नाही, होत असेल तर तिची पात्रता आधी तपास.

आता इंग्रजीचं. ते सुधारावं लागेल, त्याला इलाज नाही. ब्रिटनमधले हे अभ्यासक्रम आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६.५ ते ७ मागतात. ते वर्षभराच्या रोजच्या वाचनाने जमतं, धारवाडला इंग्रजीतून एम.एस्सी. केलेल्या मुलीला तर नक्की जमतं. मला काळजी वेगळीच वाटली. तू तुझ्या तीन भाषांबद्दल अशी लिहितेस, जणू तिन्ही अर्धवट राहिल्याची माफी मागते आहेस.

एक गोष्ट सांगते. आपल्या रानात जो माकडताप येतो, त्याला कन्नडमध्ये 'मंगन कायिले' म्हणतात, म्हणजे माकडाचाच आजार. दोन्ही भाषांनी नाव माकडाला दिलं. पण माकड हे त्या विषाणूचं आपल्यासारखंच सावज आहे. विषाणू अंगात शिरतो तो गोचिडीच्या चाव्यातून, आणि माणसाला बहुतेकदा चावते ती तिची लहान, पुरती न वाढलेली अवस्था, तिळाहून बारीक, कपड्यावर बसली तर दिसतसुद्धा नाही. शिवमोग्ग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, पुण्याच्या विषाणू संस्थेने विषाणू शोधला, आणि २०१६ पर्यंत तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचला होता. म्हणजे खानापूर तालुक्याच्या दोन्ही अंगांना तो आहे. लागण झालेल्या शंभरातले तीन ते पाच दगावतात. रानात माकड मरून पडलं तर त्याला हात न लावता लगेच आरोग्य केंद्रात कळवायचं, कारण तीच पहिली सूचना असते. हे मंगन कायिले म्हणणाऱ्या तालुका दवाखान्यातल्या माणसाकडून समजून घ्यायचं, इंग्रजी शोधनिबंधाशी ताडून बघायचं आणि डिसेंबरनंतर काजूच्या बागेत, जळणाला रानात जाणाऱ्या बाईला मराठीत सांगायचं, एवढं सगळं एकटीने करू शकणारी माणसं किती असतील? लंडनच्या वर्गातल्या कुणालाही हे येणार नाही. कन्नड लिहिताना अडखळतेस ना, मग आठवड्याला एक कन्नड बातमी हाताने उतरवून काढ. सहा महिन्यांत हात बसेल. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ सोसलं आहे, मीही त्यातच वाढले. पण विज्ञान लिहिणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू येणं ही कमाई आहे.

मराठीत लिहून पोट भरतं का? एकट्या मराठीवर, नाही. मानधन थोडं असतं आणि उशिरा येतं. हे क्षेत्र निवडणारे बहुतेक जण दोन चुली पेटवतात. एक पगाराची: संस्थेची संवाद अधिकारी, पाठ्यपुस्तकांचं काम, किंवा औषध कंपन्यांसाठी वैद्यकीय लेखन. पुणे-बेंगळुरूत या शेवटच्या कामाला एम.एस्सी. झालेल्यांना घेतात आणि ते बऱ्यापैकी पगाराचं आहे. दुसरी चूल आपल्या लिहिण्याची. मराठीला दुय्यम मात्र समजू नकोस. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजहून आल्यावर मराठीत लिहीत राहिले आणि १९९६ मध्ये त्यांना युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला तो विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी स्वतःचं नाव लपवून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. नावाच्या वजनावर बक्षीस नको म्हणून. तुझं अजून नाव नाही, म्हणून हे लक्षात ठेव: परीक्षकांनी फक्त मजकूर वाचला होता.

येत्या वर्षात तुझ्या हातात छापून आलेले आठ-दहा लेख असावेत असं मला वाटतं. कुठल्याही अर्जाला शिफारसपत्रापेक्षा ते जास्त लागतात. सुरुवात घराजवळून कर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. तिथल्या संशोधकांना रीतसर ईमेल करून वेळ माग, जाण्याआधी त्यांचा एक शोधनिबंध पूर्ण वाच, आणि 'हे कशावर तपासलं' हा प्रश्न पहिला विचार. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं. जगात हे वटवाघूळ फक्त इथेच आहे असं कित्येक वर्षं मानत होते, नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. तुझ्या तालुक्यातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? एक लेख तर हाच झाला. पण गुहेत शिरू नकोस, वनखात्याची परवानगी आणि तिथे काम केलेला माणूस बरोबर असल्याशिवाय त्या वटवाघळांना त्रास द्यायचा नाही.

लेख पाठवायला जागा आहेत. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, 'लोकसत्ता'तलं 'कुतूहल' सदर परिषदेच्याच सहकार्याने चालतं, पुण्याचं 'शैक्षणिक संदर्भ' शिक्षकांसाठी छान खोलात जाऊन लिहितं. बेंगळुरूच्या गुब्बी लॅब्सचं 'रिसर्च मॅटर्स' भारतीय संशोधनाच्या बातम्या कन्नड आणि मराठीतही देतं, तिथे तुझ्यासारखीला नक्की काम निघेल, आधी भाषांतराचं का असेना. आणि तो टेबलाभोवतीचा वर्ग? तो थोडाफार इथे उभा करता येतो. विज्ञान पत्रकारांच्या जागतिक महासंघाने तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. 'द ओपन नोटबुक' या संकेतस्थळावर पत्रकार एखादा लेख कसा घडला हे पायरीपायरीने सांगतात. दोन मैत्रिणी शोध, एक विज्ञानाची, एक नसलेली. महिन्यातून एकदा एकमेकींचे लेख मोठ्याने वाचा. जिथे विज्ञान न शिकलेली मैत्रीण 'म्हणजे?' म्हणेल तिथे खूण कर.

आईला काय सांगायचं? बी.एड.चं तिचं म्हणणं टाकाऊ नाही, शाळेची नोकरी असताना चांगलं विज्ञान लिहिलेली माणसं मराठीत पुष्कळ झाली. पण बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि तुझा जीव वर्गात रमत नाही, असं तूच लिहितेस. तिला म्हणावं, एक वर्ष दे. नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा अभ्यास या वर्षात सोडू नकोस, ती पास झालीस तर पंधरा तासांची नोकरी पूर्ण वेळेची होण्याची वाट उघडेल आणि आईचाही जीव भांड्यात पडेल. वर्षाअखेरीस लेखांची फाइल तिच्यासमोर ठेव.

त्याआधी नरक्याचा दुसरा परिच्छेद नव्याने लिही आणि मला पाठव. टेम्पोचा भाग जसाच्या तसा राहू दे. आणि त्या पोत्यांमधला माल कुठे चालला होता, कुणी विकत घेणार होतं, हे फॉरेस्टवाल्यांना विचारलंस का? पत्रात ते आलेलं नाही. तिसरा परिच्छेद तिथून सुरू होतो.